काठ उसवलेला नकाशा

मित्रांनो, मी एक जुना नकाशा आहे, पण मला शोधायला भिंतीकडे बघू नका. भिंत सुटून मला बरीच वर्षं झाली. मी एका घराच्या पुढच्या खोलीत, खिडकीजवळच्या दिवाणावर लोडासारखा आडवा पडलेला असतो आणि माझ्या पोटात कापडाची कातरणं ठासून भरलेली आहेत. एखादा नवखा पाहुणा येतो, आरामात बसावं म्हणून मला पाठीशी ओढतो, आणि जगातले सगळे डोंगर त्याच्या पाठीला एकदम टोचतात. घरातली माणसं हसतात. मला मात्र हसू येत नाही. पाठ टेकायला त्याला दुसरं काही मिळालं नाही का, असंच माझ्या मनात येतं. स्वभाव आहे माझा तो, आता बदलायचा नाही.

माझा जन्म छापखान्यातला. खळ दिलेलं जाड कापड यंत्राखालून एकेका रंगासाठी पुन्हा पुन्हा जात होतं. आधी निळा, मग पिवळा, मग तांबडा, आणि सगळ्यांत शेवटी काळ्या शाईतली बारीक अक्षरं. तिथला म्हातारा कारागीर फार कडक होता. एखाद्या देशाचा रंग सीमेच्या रेघेबाहेर केसभर जरी सांडला तरी तो कापड उचलून कोपऱ्यात फेकायचा. माझ्या आधीचे कितीतरी नकाशे असे कोपऱ्यात गेले. मला त्याने उजेडासमोर धरलं, डोळे बारीक करून वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि म्हणाला, "हा बसला." त्या दोन शब्दांवर मी आयुष्यातली पुढची बरीच वर्षं ताठ मानेने काढली.

वर-खाली लाकडी दांड्या ठोकून मला एका शाळेच्या वर्गात टांगलं. काय मान होता तेव्हा माझा! फळ्याच्या शेजारची जागा. रोज सकाळी खडूची धूळ झटकायला एक मुलगा खास नेमलेला असे. भूगोलाचे गुरुजी वर्गात आले की आधी माझ्याकडे बघत, मग मुलांकडे. त्यांच्या हातात एक लांब छडी असे. "दाखव पाहू," असं ते म्हणाले की एखादं पोर उठून माझ्यासमोर येई, सगळा वर्ग त्याच्या पाठीकडे बघत बसे, आणि त्या पोराला एवढ्या मोठ्या जगात एक साधा देश सापडत नसे. मी त्यांना काही सुचवू शकत नव्हतो. छडीचं टोक आपटून आपटून दोन-तीन राजधान्यांना तर भोकंच पडली. भूगोल म्हणजे दुरून बघायची आणि भीत भीत सांगायची गोष्ट, असंच मला तेव्हा वाटत होतं. मुलांनाही तसंच वाटत असणार.

मग वर्गात पांढरा पडदा आला. त्यावर हलणारी चित्रं दिसू लागली आणि माझी रवानगी मोडक्या बाकांमागच्या अडगळीत झाली. तिथल्या दिवसांबद्दल मी फार बोलत नाही. गुंडाळलेल्या अवस्थेत माणूस असो की नकाशा, त्याला स्वतःचंच तोंड दिसत नाही. उंदरांनी दांडीजवळचं माझं टोक कुरतडलं, म्हणजे दक्षिण ध्रुवाचा थोडा भाग त्यांच्या पोटात गेला. निदान कुणाच्या तरी पोटात गेला, वाया तर नाही गेला, अशी मी मनाची समजूत घातली.

तिथून मला बाहेर काढलं ते एका शिंपिणीने. ती शाळेचे पडदे शिवून द्यायला आली होती. अडगळीच्या खोलीचं दार उघडं होतं आणि तिची नजर माझ्यावर पडली. कापड म्हणून पडली, नकाशा म्हणून नव्हे, हे इथे सांगितलं पाहिजे. तिने मला बोटांत चुरगळून पाहिलं आणि शिपायाला विचारलं, "चांगलं टिकाऊ कापड आहे हो. टाकणार आहात का?" शिपाई म्हणाला, "घेऊन जा बाई, तेवढीच जागा होईल." अशी माझी पाठवणी झाली.

घरी आल्यावर तिने दांड्या काढल्या, मला कोमट पाण्यात हलक्या हाताने धुतलं आणि सावलीत वाळवलं. माझे डावे-उजवे काठ विरून त्यांचे धागे लोंबत होते. शिंपिणीला कच्चा काठ बघवत नाही. तिने दोन्ही बाजू दोन-दोन बोटं आत दुमडल्या आणि वरून सरळ टीप मारली. कसलं सुबक काम होतं ते! त्या दुमडीत माझ्या दोन्ही टोकांचा थोडा थोडा समुद्र, काही बारकी बेटं आणि जमिनीचे दोन कोपरे आत गेले, पण त्याची दखल त्या दिवशी कुणीच घेतली नाही. तिला शिलाई मशीनवर घालायला झाकण हवं होतं. मी मशीनवर पडलो. आफ्रिका वर, आशिया पुढे लोंबणारी आणि अमेरिका मागे भिंतीला चिकटलेली. जगाची एवढी अडचण मी कधी पाहिली नव्हती.

त्या घरात चार माणसं होती. आई म्हणजे ही शिंपीण; तोंडात टाचण्या असल्यामुळे ती कमी बोलायची, आणि टाचण्या नसल्या तरी कमीच बोलायची. बाबा शहरातल्या बसवर कंडक्टर होते. दिवसभर ओरडून घरी आले तरी त्यांचा आवाज काही खाली यायचा नाही. थोरली ताई, समोरच्याची चूक दाखवणं हे आपलं जन्माचं कर्तव्य मानणारी. आणि धाकटी, ती मुंगी. तिचं खरं नाव काहीतरी वेगळं होतं, पण ती कोणतीही वस्तू नाक टेकवून बघायची आणि पुस्तकाच्या ओळीवरून नाकानेच सरकत जायची, म्हणून बाबांनी तिला हे नाव ठेवलं होतं.

मला पहिल्यांदा वाचलं ते मुंगीने. मशीनला टेकून ती जमिनीवर बसायची आणि लोंबणाऱ्या आशियावर नाक टेकवून एकेक अक्षर लावायची. तिचा श्वास मला गरम लागायचा. इतक्या वर्षांत एवढ्या जवळ कुणी आलं नव्हतं. शाळेत मुलं माझ्यापासून वीतभर लांबच उभी राहायची.

एके दिवशी बाबा तिला डोळ्यांच्या डॉक्टरांकडे घेऊन गेले. परत आले तेव्हा खांद्यावरची पिशवी न काढताच खुर्चीवर बसले. मुंगी येऊन सवयीने माझ्याजवळ बसली. आईने मशीनवरचा पाय थांबवला नाही, फक्त हळू केला.

"चष्म्याने भागणारं नाही म्हणाले," बाबा म्हणाले. "नजर कमी होत जाणार. थांबवता येत नाही ती."

"किती दिवस?"

"काही वर्षं. नक्की नाही सांगता येत म्हणाले."

"ती ऐकते आहे," आई म्हणाली, आणि मग मशीन थांबलं.

मुंगीने नाक वर केलं. ती रडेल असं सगळ्यांना वाटलं, मलाही वाटलं. पण तिने विचारलं, "मग मी आधी सगळं बघून घेऊ का?"

"सगळं म्हणजे काय गं?" बाबांनी विचारलं.

तिने माझ्यावर तळहात ठेवला. "हे."

मित्रांनो, कंडक्टरच्या रजेत आणि शिंपिणीच्या सवडीत जगाचा प्रवास बसत नाही. ते त्या चौघांनाही ठाऊक होतं. पण मुलीने हट्ट केला होता तो खेळण्याचा नव्हता, की नव्या कपड्यांचा नव्हता. तिने जग मागितलं होतं, तेही मुदतीच्या आत. त्या दिवसापासून मशीन उघडं राहू लागलं आणि संध्याकाळी जेवणं आटोपली की मला जमिनीवर पसरलं जाऊ लागलं. माझ्याभोवती चौघं पालथी पडायची, आणि सुरू व्हायची बाबांची बस.

मुंगीचं बोट म्हणजे बस. आपलं गाव म्हणजे डेपो. तिथे आईने एक छोटं बटण शिवून दिलं होतं. बाबा पेल्यावर चमचा वाजवून घंटा द्यायचे आणि दिवसभराचा आवाज पुन्हा काढायचे. "चला, पुढे सरका, पुढे सरका! दारात उभं राहू नका. पुढचा थांबा वाळवंट, पाण्याच्या बाटल्या जवळ ठेवा. नाईल नदी कोण उतरणार? मगरींनी मागच्या दाराने चढू नये." ताई लगेच डोकं वर करायची. "बाबा, वाळवंटातून बस सरळ जात नाही. रस्ता नाहीये तिथे." बाबा म्हणायचे, "मग रस्ता कुठून आहे ते सांगा बाई, आम्हाला काय, आम्ही घंटा देणारी माणसं." की झालं, ताई पुस्तकं उघडून रस्ता शोधायची. तिला शिकवायचं नव्हतं, चूक काढायची होती, पण चूक काढता काढता तिलाच अर्ध्या जगाचे रस्ते पाठ झाले.

दुसरा खेळ स्वयंपाकघरातल्या डब्यांचा होता. एक डबा उघडायचा, डोळे मिटून वास घ्यायचा आणि ती वस्तू माझ्यावर जिथे पिकते तिथे बोट ठेवायचं. चहा, मिरी, लवंग, कॉफी, कोको. बोट चुकलं की त्या माणसाने भांडी घासायची. बाबांनी कित्येक दिवस भांडी घासली. ते मुद्दाम हरत असत असं मला वाटायचं, पण लवंगेच्या बाबतीत त्यांना खरंच काही कळत नव्हतं.

एकदा दुपारी घरात कुणी नसताना आईने मला मांडीवर घेतलं. हातात सुई होती आणि सुईत जाड दोरा. नाईल नदीच्या उगमापाशी तिने पहिला टाका घातला. मला दुखलं का, असं तुम्ही विचाराल. दुखलं. एवढ्या वर्षांचा मी निर्मळ, सपाट, छापलेला नकाशा, आणि माझ्यावर हे भरतकाम! त्या म्हाताऱ्या कारागिराने पाहिलं असतं तर मला कोपऱ्यात फेकलं असतं. पण आईचा हात थांबला नाही. नदीला साखळी टाका, किनाऱ्याला बारीक दोरी, डोंगरांना गाठी. जेवढा डोंगर उंच तेवढी गाठ मोठी. वाळवंटावर तिने गोणपाटाचा तुकडा लावला, दाट जंगलांवर मखमल, बर्फावर गुळगुळीत साटीन. समुद्र तेवढे तिने तसेच कोरे ठेवले. तिथे काही शिवायचं नव्हतं.

मुंगी शाळेतून आली, तिने मला पाहिलं, हात फिरवला आणि विचारलं, "हे कशाला शिवतेस?"

"कापड विरत चाललंय," आई म्हणाली. "फाटू नये म्हणून."

मुंगी त्या टाक्यांवरून पुन्हा बोट फिरवू लागली. हे टाके कशासाठी आहेत ते तिला बरोबर कळलं होतं, आणि तिला कळलंय हे आईलाही कळलं होतं. त्या घरात काही गोष्टी अशाच बोलल्या जायच्या. मला मात्र त्या दिवसापासून दुखेनासं झालं.

पुढची दोन-तीन वर्षं मुंगीची नजर वितळत गेली. आधी माझी बारीक अक्षरं गेली, मग मोठी, मग रंग एकमेकांत मिसळले. पण नजर एक पाऊल मागे गेली की बोट एक पाऊल पुढे यायचं. माझ्यावरची एकही नदी अशी उरली नाही की जिच्या मुखापासून उगमापर्यंत ती गेली नाही. ताई तिला अचानक विचारायची, "डोंगर, मग मखमल, मग रुंद नदी, नदी कुठे वाहते?" आणि मुंगी हात न लावता उत्तर द्यायची. मी तिच्या बोटांत उतरलो होतो. एखाद्या नकाशाला याहून जास्त काय हवं असतं?

मग शाळेत परीक्षा आली. नकाशा भरायचा प्रश्न मुंगीला माफ आहे असं शाळेने कळवलं. भूगोलाच्या बाई चांगल्या होत्या, त्यांनी तो निरोप मायेनेच दिला होता. पण मुंगीला माफी नको होती. "मला येतं ते," ती म्हणाली. "येतं ते माफ कशाला करायचं?" शेवटी बाईंनी कबूल केलं. तोंडी परीक्षा घ्यायची, मुंगीने स्वतःचा नकाशा आणायचा.

बाबांनी मला गुंडाळून काखेत मारलं आणि मी माझ्याच जुन्या शाळेत, माझ्याच जुन्या वर्गात परत गेलो. जिथे मी टांगलेला असायचो तिथे आता तो पांढरा पडदा होता. मला टेबलावर पसरलं. सगळा वर्ग मुंगीच्या पाठीकडे बघू लागला. ती शांतता माझ्या चांगल्या ओळखीची होती.

बाईंनी नद्या विचारल्या, मुंगीने दाखवल्या. डोंगर, आखातं, कालवे विचारले. तिचं बोट एकदाही अडलं नाही. बाईंचा आवाज हळूहळू बदलत गेला, त्यात आनंद येऊ लागला. आणि त्या आनंदाच्या भरात त्यांनी एक साधा प्रश्न विचारला. "आता मला सांग, आशियाच्या पूर्व किनाऱ्यावरून समुद्रात शिरलीस आणि पूर्वेलाच जात राहिलीस, तर कुठे पोचशील?"

मुंगीचं बोट समुद्रात शिरलं, कोऱ्या कापडावरून पुढे पुढे गेलं आणि आईने मारलेल्या टिपेवर येऊन थांबलं. तिने ती टीप वरपासून खालपर्यंत चाचपली.

"कुठेच नाही," ती म्हणाली. "इथे काठ आहे. पृथ्वी संपते इथे."

वर्ग हसला. बाईंनी ताबडतोब सगळ्यांना गप्प केलं, त्या मुंगीजवळ आल्या आणि म्हणाल्या, "हसू नका. आपल्या पडद्यावरचं जगसुद्धा तिथेच संपतं." पण हसू एकदा कानात शिरलं की बाहेर काढता येत नाही. पृथ्वी गोल आहे हे वाक्य मुंगीला पाठ होतं, दहा वेळा लिहिलं होतं तिने. पण तिच्या बोटाला काठ माहीत होता, आणि आपण बोटावर विश्वास ठेवायचा असं ती इतकी वर्षं शिकत आली होती.

त्यानंतर तिने मला हात लावला नाही. संध्याकाळी बाबा पेला-चमचा घेऊन बसायचे, ती म्हणायची, "आज नको." ताईने डबे उघडून ठेवले, तिने ते झाकून ठेवले. मला पुन्हा मशीनवर टाकलं गेलं. बाबांना वाटलं पोरीला मार्कांचं वाईट वाटलं. मला खरं काय ते समजत होतं आणि बोलता येत नव्हतं. डोळे तिला फसवणार हे तिला ठाऊकच होतं, त्याची तयारी तिने केली होती. पण बोटांनीही फसवलं. मग आता कशाच्या भरवशावर चालायचं? नुकतीच सुरू केलेली, बोटांनी वाचायची उठावाची ब्रेल अक्षरं शिकायचंही तिने सोडून दिलं. भिंतीला हात लावून चालणारी मुलगी आता कुणाच्या तरी दंडाला धरल्याशिवाय खोलीबाहेर जाईना. एवढं सगळं त्या एका काठापायी झालं होतं.

आईने बरेच दिवस वाट पाहिली. मग एका सकाळी कापड बेतताना तिने सहज विचारावं तसं विचारलं, "बाईंनी नेमकं काय विचारलं होतं गं?"

मुंगीने सांगितलं. आईची कात्री थांबली. ती उठली, मला मशीनवरून ओढून घेतलं आणि माझा उजवा काठ उजेडाकडे धरला.

"मुंगे, इकडे ये," ती म्हणाली. "हा काठ पृथ्वीचा नाही. मी घातलाय तो. कापड दिसलं की काठ दुमडायचा, हाताला दुसरं काही माहीतच नाही. तुझं बोट खरं बोललं. शिवण होती, तिने शिवण सांगितली."

मग तिने पात्याच्या टोकाने टीप उसवायला घेतली. एकेक टाका तुटत होता आणि इतकी वर्षं दुमडून ठेवलेला समुद्र बाहेर येत होता. त्याला ऊन लागलं नव्हतं, धूळ लागली नव्हती. छापखान्यातून निघालो त्या दिवशीचा तो निळा रंग होता. माझा असा रंग होता हे मी विसरून गेलो होतो. ताई धावत आली आणि बेटांची नावं मोठ्याने वाचू लागली, आणि पहिल्यांदाच तिने कुणाची चूक काढली नाही.

दोन्ही काठ मोकळे झाल्यावर आईने मला उलटं केलं आणि डावा काठ उजव्या काठावर ठेवला. चौकटीच्या कापडाची बाही जोडताना रेघेला रेघ जुळवतात तशा माझ्या दोन्ही बाजूंच्या रेघा तिने जुळवल्या.

"आई, नकाशाचं असं करतात का?" ताईने विचारलं.

"बाहीचं करतात," आई म्हणाली आणि टीप मारली.

मग तिने मला सुलटं केलं, पोटात कातरणं भरली, दोन्ही तोंडांना पांढरे गोल लावून ती बंद केली आणि मला मुंगीच्या मांडीवर ठेवलं. मुंगीने हात मागे घेतले होते. आईने तिचं बोट धरून आशियाच्या किनाऱ्यावर ठेवलं आणि सोडून दिलं. बोट बराच वेळ तिथेच होतं. मग ते समुद्रात शिरलं. हळू, फार हळू. आईने मला तिच्या मांडीवर फिरवलं.

"इथे काहीतरी आहे," मुंगी थांबून म्हणाली.

"ती शिवण आहे. ती पृथ्वीची नाही, माझी आहे. ओलांड."

तिने ओलांडली. समुद्र पुढे चालूच राहिला आणि पुढे जाता जाता तिच्या बोटाला किनारा लागला. अमेरिका. ती ओरडली नाही, हसली नाही. उलटी फिरली, पुन्हा गेली, पुन्हा आली. मग वर उत्तरेला सरकली, आणि तिथे आशियाचं नाक आणि अमेरिकेचं टोक यांच्यामध्ये तिला नखाएवढीच जागा लागली. "एवढं जवळ?" ती म्हणाली.

मित्रांनो, तिच्याइतकंच नवल मला वाटलं. ती दोन टोकं मी जन्मभर माझ्या दोन काठांवर वागवली होती. माझ्या अंगावर त्यांच्याइतकं एकमेकांपासून दूर दुसरं काहीच नव्हतं. वर्षानुवर्षं मी मुलांना तेच दाखवत आलो. त्या सकाळी एका मुलीच्या मांडीवर मला कळलं की ती शेजारी आहेत.

त्यानंतर मी पुन्हा कधी भिंतीवर टांगण्याजोगा राहिलो नाही. मुंगीने मला एकदा शाळेत नेलं. बाईंनी मला दोन्ही हातांत घेऊन डोळे मिटले आणि बोटाने एक पूर्ण फेरी मारली, मग अख्ख्या वर्गाने मारली, आणि मी इतका मळलो की घरी आल्यावर आईने मला चार वेळा पुसलं. मुंगी पुन्हा भिंतीला हात लावून चालू लागली. उठावाची अक्षरं शिकली. ताई डोळ्यांनी वाचते त्याहून भरभर ती बोटांनी वाचू लागली आणि ताईला तिच्या चुका काढता येईनात, याचं ताईला फार दुःख झालं.

वर्षं गेली. मुंगी ताईएवढी उंच झाली. एका रविवारी दुपारी चौघंही घरी होती. आई मशीनवर, बाबा वर्तमानपत्र घेऊन, ताई केस विंचरत. मुंगी मला मांडीवर घेऊन दिवाणावर बसली होती. ऊन तिच्या तोंडावर पडलं होतं.

"खिडकी कुठे आहे ते आता मला ऐकून कळतं," ती म्हणाली. "उजेडावरून नाही कळत."

बोलण्यात कसलाही चढउतार नव्हता. पण मशीन थांबलं. ताईचा कंगवा थांबला. ज्या दिवसाची सगळ्यांना इतकी वर्षं भीती होती तो येऊन घरात बसला होता. बाबांनी वर्तमानपत्राची घडी घातली, पेला शोधला, चमचा शोधला, आणि "चला, पुढे सरका," एवढं म्हणेपर्यंत त्यांचा आवाज गेला.

"बाबा, आज बस मी सोडते," मुंगी म्हणाली. "सगळे इकडे या. बोटं ठेवा. डोळे मिटा."

तीन माणसं माझ्याभोवती बसली. तीन बोटं बटणावर टेकली. एक सुईने टोचून टोचून खरखरीत झालेलं, एक शाई लागलेलं, एक जाडजूड. मुंगीने घंटा दिली. ती एकेक वळण सांगत होती आणि तीन बोटं नदीकाठाने, डोंगराच्या कडेने चालली होती.

"बाबा, डोळे उघडे आहेत तुमचे."

"तुला कसं कळलं?"

"तुमचं बोट घाबरत नाहीये."

बाबांनी डोळे मिटले. मला लगेच कळलं, कारण ते जाड बोट चाचपडू लागलं. आई आणि ताई पुढे गेल्या. बाबा किनाऱ्यावरून समुद्रात शिरले, थोडं पुढे गेले आणि थांबले. तिथे दोरी नव्हती, गाठ नव्हती, मखमल नव्हती. आईने तिथे काहीच शिवलं नव्हतं.

"मुंगे," ते म्हणाले, "काहीच लागत नाहीये गं."

"समुद्र आहे, बाबा. जात राहा. पुढे लागतं."

त्यांनी तिचा हात शोधला. तिने तो त्यांच्या मनगटावर ठेवला, पण बोट ओढलं नाही. ते आपणच पुढे सरकले. त्यांच्या डोळ्यांतलं पाणी माझ्यावर पडलं आणि कापडात मुरलं. बऱ्याच वेळाने त्यांच्या बोटाला किनाऱ्याची दोरी लागली. बाबांनी डोळे उघडले नाहीत.

मित्रांनो, माझी मखमल आता घासून गुळगुळीत झाली आहे, निम्मे डोंगर झिजले आहेत, आणि मुंगी जिथे उसवलंय तिथे बोट ठेवून सांगते, आई तिथे टाका घालते. तुमच्या घरी एखादा नकाशा भिंतीवर नाहीतर माळ्यावर असेल. त्याला खाली काढा. भोवती सगळे बसा, आईवडिलांनाही बसवा, त्यांना कामं आहेत म्हणाले तरी बसवा. रस्ते चुका, भांडा, भांडी घासा. तो मळेल, विरेल, कुठेतरी फाटेलही. फाटलं तर शिवता येतं. माझ्यासारख्याची काळजी घ्यायची असेल तर एवढीच घ्या, की त्याला हात लावल्यावाचून ठेवू नका.